पाऊण तासात नांदेड

आमचं घर यवतमाळला, बायकोचं माहेर नांदेडला. मधे आर्णी, महागाव, उमरखेड, हदगाव, अर्धापूर. दोनशेच्या आसपास किलोमीटर. मेहुण्याच्या नव्या घराची वास्तुशांत ठरली, तेव्हा मोबाईलवर मी सहज दोन्ही विमानतळांची नावं टाकली. उत्तर आलं: हवाई अंतर साधारण 160 किलोमीटर, उड्डाणाची वेळ पाऊण तासाच्या आत.

शंका घेण्यासारखं काही नव्हतंच. यवतमाळला विमानतळ आहे, शहराबाहेर भारीला. जवाहरलाल दर्डांचं नावही आहे त्याला. 2009 साली राज्यातले पाच विमानतळ एका खासगी कंपनीला भाडेपट्ट्यानं दिले गेले, तेव्हा नांदेड, लातूर, बारामती, उस्मानाबादच्या पंगतीत आमचंही पान मांडलेलं होतं. नांदेडच्या पानावर विमान वाढलं गेलं, तर आमच्याही असणारच, असं मी धरून चाललो. शिवाय दुसरं होतं काय? वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे 2024 च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून निघून कळंबपर्यंत आली आणि तिथंच दम खात बसली. शकुंतला नावाची गाडी होती, पण ती मूर्तिजापूरला जायची. आता तीही जात नाही.

"चहा घेऊन निघू, दुसरा चहा तुझ्या आईच्या हातचा," असं बायकोला सांगून मी स्कूटरवर भारी गाठली. फाटकाजवळ एक म्हातारबुवा शेळ्या चारत होते.

"काका, तिकिटाची खिडकी कुठं आहे?"

"कायचं तिकीट?"

"नांदेडच्या विमानाचं."

त्यांनी मला चपलेपासून हेल्मेटपर्यंत पाहून घेतलं. "इमान येते नं भाऊ. इलेक्शन आलं का येते. पन त्याले हे तिकीट नाही चालत, पार्टीचं लागते."

घरी येऊन मोबाईलवरचं ते उत्तर नीट वाचलं. गणित साधं होतं. नकाशावर दोन ठिपक्यांमध्ये सरळ रेघ ओढायची, तिला जेट विमानाच्या वेगानं भागायचं, वर अर्धा तास चढ-उताराचा धरायचा. त्या रेघेवरून विमान जातं की नुसते बगळे, याच्याशी गणिताला देणंघेणं नाही. यवतमाळ ते चंद्र विचारलं असतं, तरी त्यानं वेळ सांगितली असती. खरं विमान आम्हाला सर्वांत जवळ मिळतं ते अमरावतीजवळ बेलोऱ्याला. 2025 च्या एप्रिलपासून तिथून मुंबईला जाता येतं. म्हणजे नांदेडसाठी आधी उत्तरेला नव्वद किलोमीटर, मग मुंबई, मग पुढचं पुढे. एवढ्यात वास्तुपुरुषही कंटाळला असता.

पण मी भारीला असताना बायकोनं माहेरी फोन करून टाकला होता: "हे विमानानं आणताहेत." सासूबाईंनी ते गल्लीत सांगितलं. मी म्हटलं, आता खरं सांगून टाक. ती म्हणाली, "तुम्हीच सांगा. जावई तुम्ही आहात."

नाही सांगितलं. पहाटेची लाल परी पकडली, खिडकीशी बसलो. उमरखेड सोडून पैनगंगेचा पूल लागला आणि मेहुण्याचा फोन आला. तो हार घेऊन नांदेड विमानतळावर उभा होता.

"दाजी, कुठवर आलात?"

"पैनगंगेवर आहे."

तेवढ्यात कंडक्टर कानाशी ओरडला, "हदगाव, हदगाववाले पुढं या!"

"विमानात एवढा गोंधळ?" मेहुण्यानं विचारलं.

"खिडकी उघडी आहे," मी म्हणालो.