चावतंय काय, दाजी?

मी भिडस्त आहे. दाढी करताना कापलं तर न्हाव्याला वाईट वाटू नये म्हणून गालावर हात धरून "थंडी फार पडलीय हो" असं म्हणत मी दुकानाबाहेर पडतो. अशा माणसाची सासुरवाडी कोल्हापुरात आहे. पोहता न येणाऱ्याला आंदण म्हणून विहीर मिळावी, तसलाच हा प्रकार.

कोल्हापुरात बहिणीचा नवरा तो दाजी. माझी बायको तिथल्या अख्ख्या पेठेची बहीण असल्यामुळे मी पेठेचा दाजी आहे. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा पानवालासुद्धा मला "या दाजी" म्हणतो आणि मी न मागितलेलं पान माझ्या तोंडात जातं.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत, संक्रांत नुकतीच झाली होती. मेहुण्याच्या बायकोनं शनिवारी हळदीकुंकू ठेवलं, आमच्या घरून तिला वाण लुटायला मदत हवी होती, म्हणून निघालो. पुणे-कोल्हापूर रस्ता तेव्हा रुंद होत होता. म्हणजे तो इतका रुंद होत होता की बसायला जागाच नसल्यासारखा अधूनमधून शेतात उतरत होता. शुक्रवारी रात्री पोचलो. शनिवारी सकाळी सात वाजता मेहुण्यानं पांघरूण ओढलं.

"उठा दाजी. लई कामं हाईत."

पहिलं काम मिसळ. कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव नव्हे, ब्रेडचे स्लाइस येतात, आणि रस्सा नव्हे, कट येतो. तो बादलीतून येतो. वाढणाऱ्या पोरानं "कट?" असं विचारलं, मी मान हलवली नाही, तरी त्यानं वाढला. तीनदा. तिसऱ्यांदा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते पाहून शेजारच्या टेबलावरचे आजोबा समाधानानं म्हणाले, "दाजींना आवडली."

तिथून चप्पल लाईन. आता खरं तर रंकाळा, भवानी मंडप, नवा राजवाडा हे सगळं सांगायला हवं. रंकाळ्यात पाणी होतं. बाकीचं या चपलेपायी राहून गेलं, आणि चपलेचंच सांगतो.

दुकान एवढंसं. कारागीर पुढं बसलेला, त्याची बायको आत उजेडाकडं पाठ करून वेणी घालत होती. चपलेच्या पट्ट्यावरची ती बारीक चामड्याची वेणी बहुतेक बायकाच घालतात. बोटं इतकी भरभर चालली होती की मला वाटलं ती काहीतरी मोजतेय. तळ म्हशीच्या कातड्याचा, तेही बाभळीच्या साली-हिरड्यात मुरवून कमावलेलं. शिलाई चामड्याच्याच वादीनं, खिळा कुठं नाही. कापशी, पुकरी, कुरुंदवाडी अशी घराणी आहेत, गाण्यात असतात तशी. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. सीमाप्रश्न अजून भिजत पडलेला असताना डावी-उजवी एका जोडीत आणायला चप्पलच कामाला आली.

आम्ही बसलो असताना एक गाडी थांबली. उतरलेल्या गृहस्थानं आधी वेणी घालणाऱ्या बाईच्या तोंडासमोर मोबाइल धरून चित्रण केलं, "अस्सल हातकाम" वगैरे त्यात बोलून घेतलं, आणि मग शंभर रुपये कमी करा म्हणून पंधरा मिनिटं हुज्जत घातली. बोली पुण्याची होती. मला इतका राग आला की मी उठून त्याला काहीतरी ऐकवणारच होतो. मी फक्त खोकलो. बाईनं मान वर केली नाही. शंभर रुपये गेले.

"आवाजाचं पाहिजे का मुकं?" कारागिरानं मला विचारलं. कर्र कर्र वाजणाऱ्या चपलेत तळाच्या थरांमध्ये कसलंसं बी घालतात. मला मुकं हवं होतं. मी बँकेत नोकरी केलेला माणूस आहे, उभा जन्म आवाज न करता काढला आहे.

"आवाजाचं!" मेहुणा म्हणाला. "दाजी आल्यालं कळाय पाहिजे."

माझा पाय अकरा नंबरचा आणि तळवा सपाट. कारागिरानं माझा पाय हातात घेऊन बराच वेळ पाहिला, वैद्यानं पाहावा तसा. मग माळ्यावरून एक जोड काढला. अकरा नंबर त्यात शिरला, पण घरच्यासारखा नाही. पाहुण्यासारखा, अंग चोरून.

"चावतंय काय, दाजी?"

त्याच्या चेहऱ्यावर अशी आशा होती! आत वेणी थांबली होती. डाव्या करंगळीला तेव्हाच कळून चुकलं होतं. मी म्हणालो, "छे छे. अगदी मापात."

तेवढ्यात मेहुण्यानं माझे जुने सँडल उचलून बाहेरच्या हमालाला देऊनही टाकले. "ह्ये कशाला आता?" त्यानं माझ्याकडं पाहिलं. "हो हो, द्या ना," मी म्हणालो. तीन वर्षं जुळवलेले सँडल होते. हमालाला मात्र ते घालताक्षणी बसले.

घरी परतलो तेव्हा बाहेरच्या खोलीत तिळगूळ आणि वाण मांडून ठेवणाऱ्या बायका होत्या. मला मागच्या दारानं गुपचूप आत जायचं होतं. कर्र. बोलणं थांबलं. कर्र. "दाजी आले," कुणीतरी आतून म्हणालं. कर्र कर्र कर्र. मी ओळखपरेड संपवून मोरीत गेलो आणि करंगळीवर पाणी ओतलं.

दुपारी मटणाचं जेवण झालं. तांबडा रस्सा तिखट म्हणून त्यावर पांढरा घ्यायचा, पांढरा पचावा म्हणून पुन्हा तांबडा घ्यायचा. या पद्धतीत थांबायची जागा कुठं आहे हे मला लग्नाला सव्वीस वर्षं होऊन सापडलेलं नाही. संध्याकाळी घर बायकांच्या ताब्यात जाणार, म्हणून पुरुषांची रवानगी शाहू स्टेडियमवर झाली. फुटबॉल.

कोल्हापूरच्या बाहेरच्या लोकांना हे सांगूनही पटत नाही. या गावात पेठेपेठेत तालमी आहेत, आणि कुस्तीच्या त्या तालमींचे फुटबॉलचे संघ आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासूनची. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव इथलाच. मंगळवार पेठेत जन्मलेला माणूस शिवाजी पेठेच्या गोलवर टाळी वाजवत नाही, मग तो गोल सख्ख्या मावसभावानं का मारलेला असेना. आमच्या पेठेचा सामना होता. दगडी पायऱ्यांवर बसलो. पहिल्या दहा मिनिटांत मी दोन्ही पायताणं हळूच काढली आणि पाय गार दगडावर टेकवले. त्या दिवसातलं तेवढंच सुख.

मग आमच्या पेठेनं गोल केला. मी उभा राहिलो नाही, मला उभं केलं गेलं. शिट्ट्या, गुलाल, कुणाचा तरी नातू माझ्या खांद्यावर. खाली बसलो तेव्हा उजवी चप्पल होती, डावी नव्हती. ती चार पायऱ्या खाली, प्रतिपक्षाच्या मुलखात जाऊन पडली होती. मी गप्प राहणार होतो. पण मेहुण्यानं हाळी दिली, "ओऽ, दाजींचं पायताण!" आणि त्या पलीकडच्या पेठेतल्या लोकांनी, ज्यांनी आत्ताच आमच्या सात पिढ्या काढल्या होत्या, ती चप्पल हातोहात, डोक्यांवरून, दिंडीतल्या पादुका याव्यात तशी वर पोचवली. शेवटच्यानं ती माझ्या हातात ठेवताना विचारलं, "नवीन हाय न्हवं? चावती?"

"छे," मी म्हणालो.

रात्री गंगावेशीत दूध कट्टा. समोर म्हैस, समोर धार, फेसाळ पेला. तांबड्या-पांढऱ्यावर धारोष्ण दूध प्यावं का, असं मी कुणालाच विचारलं नाही, कारण पेला हातात आलेला होता. त्यावरचं पुढचं वर्णन मी देत नाही. एवढंच सांगतो की पहाटे दोन ते पाच कर्र कर्र आवाज ऐकून शेजारच्यांनी चोर समजून दिवा लावला.

त्या जागरणात मेहुण्याच्या बायकोला करंगळी दिसली. "अगं बया! दाजी, पायताणाला त्याल पाजाय पाहिजे!" तिनं वाटीभर खोबरेल आणून दोन्ही चपलांना बाळाला चोळतात तसं चोळलं. सकाळी चपला मऊ झाल्या होत्या आणि त्यांना खोबऱ्याच्या वडीसारखा वास येत होता. हा वास लक्षात ठेवा.

रविवारी गुऱ्हाळ. करवीर तालुक्यातलं, मेहुण्याच्या मित्राचं. अशी गुऱ्हाळं आता कमी होत चालली आहेत. ऊस साखर कारखान्याला जातो आणि चुलवाणापुढं उभं राहायला माणूस मिळत नाही. आत वाफ, मोठी काहील, आणि काहिलीवर नजर लावून गुळव्या. भेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते, ती काढत राहायची. पाक झाला की नाही हे तो थेंबभर गार पाण्यात टाकून, बोटांत गोळी वळून ओळखतो. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. टनभर उसाचा साधारण क्विंटलभर गूळ होतो. मला त्या माणसाचा हेवा वाटला. त्याला कुणी "झाला का?" विचारलं की तो "न्हाई" म्हणत होता. सरळ. मालकालासुद्धा.

मी ते कौतुक करत मागं सरकलो आणि सांडलेल्या काकवीत उभा राहिलो.

दोन्ही पाय. गरम नव्हती, पण होती भरपूर. बाहेर येऊन चपला उन्हात ठेवल्या आणि हौदावर पाय धुवायला गेलो. आता हिशेब करा: म्हशीचं कातडं, वर खोबरेल, वर काकवी. मुंग्या आल्या, ते अपेक्षित होतं. मागं वळून पाहिलं तर गुऱ्हाळावरचं तांबूस कुत्रं डावी चप्पल तोंडात धरून माझ्याकडं बघत होतं. त्याच्या डोळ्यांत कसलाही संकोच नव्हता.

"ए, सोड," मी म्हणालो. अशा आवाजात, की ते दोन पावलं जवळ आलं. मग गुळव्या, मालक, मेहुणा, चिपाडं वाहणारी दोन पोरं असे पाच जण ओरडत धावले आणि कुत्रं उसात शिरलं. सगळे मागोमाग गेले. उसाचे शेंडे हलताना दिसत होते, आधी डावीकडं, मग लांब उजवीकडं, मग ओढ्यापाशी. मी एका हातात उजवी चप्पल आणि दुसऱ्या हातात कुणीतरी दिलेला ताज्या गुळाचा खडा घेऊन उभा होतो. गूळ फार सुरेख होता. अर्ध्या तासानं सगळे परतले, पानांनी ओरबाडलेले, आणि मालक म्हणाला, "त्येला पयल्यांदाच असलं कायतरी घावलंय हो." त्याच्या बोलण्यात कुत्र्याचं कौतुक होतं. भरपाई म्हणून त्यानं गाडीत तीस किलोचा गुळाचा रवा ठेवला. मी नको म्हणालो. म्हणजे, म्हणणार होतो.

अंबाबाईचं दर्शन अनवाणी झालं, तिथं कुणाला काही वाटलं नाही.

संध्याकाळी सासरे म्हणाले, "चला जावईबापू, त्या कारागिराकडं जाऊन येऊ. एका पायाचं करून देतो का विचारू." मामा अठ्ठ्याहत्तरचे. मी न्हाणीघरातल्या, मेहुण्याच्या सात नंबरच्या रबरी चपला अडकवल्या. टाचा मागं रस्त्यावरच होत्या. खासबागेच्या बाजूनं गेलो. कुस्तीचं ते मैदान शाहू महाराजांनी रोमचा अखाडा पाहून आल्यावर बांधून घेतलेलं, हे मामा मला दर खेपेला सांगतात. या खेपेला बोलले नाहीत. मैदानाला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उघडलेली ती वास्तू, आणि आता काळवंडलेल्या भिंतींवरून सरळ आभाळ दिसत होतं.

मामा कुंपणाशी थांबले. "तुमच्या सासूबाईंना मी हितं बघितलं," ते म्हणाले. "बघायचा कार्यक्रम न्हवता. नाटकाला आलो होतो. त्या पुढच्या रांगंत. वळून एकदा म्हणाल्या, जरा गप बसता का." ते थोडं हसले. "मग बसलो. चाळीस वर्सं."

सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. मामांनी कुंपणावर ठेवलेला हात तिथंच होता. मला काहीतरी बोलायला हवं होतं, पण मी खोकलोसुद्धा नाही. रबरी चपलांचा एक फायदा, त्या वाजत नाहीत.

कारागिरानं उरलेली उजवी हातात घेतली, हुंगली, आणि काही विचारलं नाही. "डावं करून देतो," म्हणाला. "बारा-पंधरा दिस लागतील. पण आवाज जुळल असं न्हाई."

रबरी चपलांतच पुण्याला आलो. डावी चप्पल फेब्रुवारीत एसटीच्या पार्सलनं आली. जुळला नाहीच आवाज. उजवी कर्र म्हणते, डावी कुईं. चालताना कुणीतरी माझ्या मागून माझीच तक्रार करत येतंय असं वाटतं. पुढं जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं हुबेहूब आपलीच चप्पल कोल्हापूरचं नाव न घेता मिरवली, मग गदारोळ झाल्यावर मूळ कुठलं ते कबूल केलं. सगळे चिडले होते. मी मात्र ती चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहत होतो. त्या देखण्या पोरांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. चावत असणार.

पार्सल आलं त्या रात्री मामांचा फोन आला. कारागीर शेजारीच बसला होता, त्यालाही ऐकायचं होतं म्हणून त्यांनी आवाज मोठा केला.

"बसली का, जावईबापू? चावत तर न्हाई?"

"छे छे मामा," मी म्हणालो, "अगदी मापात." आणि बादलीतलं कोमट पाणी हललं तर ऐकू जाईल म्हणून पाय तसाच धरून ठेवला.