गॅलरीत ॲसिड आटवणाऱ्यास खुले पत्र

तिसऱ्या मजल्यावरच्या हौशी रसायनशास्त्रज्ञांस,

पत्रास कारण, तुमच्या गॅलरीतून निघणारा पांढरा धूर. बॅटरीचे पातळ ॲसिड आटवून तुम्ही ‘कडक’ सल्फ्युरिक ॲसिड करता आणि कोणी हटकले की ‘छंद आहे’ म्हणता. छंद तुमचा, खोकला आमचा! तुमच्या डोक्यावरच्या मजल्यावर दम्याचे आजोबा राहतात. या छंदात भाग घ्यायचा का, हे त्यांना कोणी विचारले?

पुऱ्या तळायचे तेल १८० अंशांच्या आसपास असते. ते उडाले की काय होते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. तीव्र सल्फ्युरिक ॲसिड उकळते ते साधारण ३३७ अंशांना, आणि ते नुसते भाजत नाही. कातडीतले पाणी ओढून तिचा कोळसा करते. हे तुम्ही चहाच्या शेगडीवर, साध्या काचेच्या भांड्यात ठेवता. काच तडकली आणि घाबरून कोणी वरून पाणी ओतले, तर ते पाणी तिथल्या तिथे उकळून ॲसिड तोंडावर उडवेल. ॲसिड पाण्यात सोडायचे, पाणी ॲसिडमध्ये नाही, एवढे तर शाळेतही शिकवतात. डोळ्यात थेंब गेला तर निदान २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धरावा लागतो. आपल्या इमारतीत दुपारी नळाला पाणी नसते, आणि तुमचे प्रयोग नेमके दुपारी!

पुरावा हवा? जिन्यात तुमच्या बाटलीतून सांडलेले थेंब कोट्याच्या लादीवर फसफसले. तिथे आता पांढरे, खरबरीत डाग आहेत. खाली वाळत घातलेल्या सुती ओढणीला धुतल्यावर बारीक भोके पडली. जे दगड आणि कापड खाते, ते फुप्फुसाला माया लावणार नाही.

आता म्हणे नायट्रिक ॲसिड करणार. त्यातून सुटणारा तांबूस नायट्रोजन डायऑक्साइड फार दगाबाज. आधी थोडा ठसका लागतो, मग बरे वाटते, आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू लागते. सगळे निजल्यावर ते कोणाच्या लक्षात येणार?

४ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीत श्रीराम फूड अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यातून ओलियम वायू गळला. भोपाळच्या वायुदुर्घटनेला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. त्या खटल्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की घातक धंदा चालवणाऱ्या उद्योगाला ‘आम्ही पुरेशी काळजी घेतली होती’ ही सबब सांगता येणार नाही. इजा झाली की जबाबदारी पूर्णपणे त्याचीच. तो निकाल उद्योगांसाठी आहे. पण ज्यांच्याकडे इंजिनियर आणि सुरक्षा यंत्रणा असतात त्यांचीही सबब चालत नसेल, तर एक पंखा लावून तुम्ही कोणती काळजी घेतल्याचे सांगता?

शेगडी आजच बंद करा. साठवलेले ॲसिड मोरीत ओतू नका, त्यात सोडा टाकण्याचा शहाणपणाही नको. बाटल्या आहेत तिथेच, मुलांपासून लांब ठेवा आणि अग्निशमन दलाला कळवा. रसायनशास्त्राची खरीच ओढ असेल तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, धूर ओढणाऱ्या कपाटासमोर, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली शिका. त्या शिक्षणाला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. इमारतीत मात्र पुन्हा धूर दिसला, तर पुढचे पत्र पोलीस ठाण्याला जाईल.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा शेजारी