भिंतीवरचा कॅप राउंड

"काकू, दादूचा सीईटीचा निकाल लागला. एक्क्याण्णव!"

"अगं वा! पेढे कुठायत? पण एक्क्याण्णव टक्के की पर्सेंटाइल?"

"एकच की ते."

"एकच कसं? पीसीएम ग्रुपला चार लाख पोरं बसली असं धर. एक्क्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली एक्क्याण्णव तुझ्या दादूच्या मागे आणि नऊ पुढे. आता चार लाखांतली नऊ टक्के किती झाली?"

तिने दोरीवरचा टॉवेल काढता काढता बोटं मोजली. "छत्तीस हजार? अगं बाई!"

"असं तोंड पाडू नकोस. मागे साडेतीन लाखांच्या वर आहेत, ते बघ की. पोराने मेहनत केलीय. फक्त नातेवाइकांच्या ग्रुपवर 'एक्क्याण्णव टक्के' असं टाकू नकोस. तुझ्या जावेचा भाऊ लगेच हिशेब विचारील."

आमच्या कात्रपमधल्या दोन घरांच्या मधली ही कंपाउंडची भिंत जेमतेम छातीएवढी. जूनअखेर आली की जांभळं तिच्यावर टपटप पडतात आणि बदलापुरातल्या निम्म्या बारावीवाल्यांच्या आयांचे प्रश्नही. यंदा दादूची पाळी. पोरगं गुणी, बोलायला कमी. त्याला कॉम्प्युटर घ्यायचंय एवढंच सगळ्यांना माहीत.

तेवढ्यात पलीकडच्या गॅलरीतून ऑर्डनन्सवाल्या काकांनी मान बाहेर काढली. अंबरनाथच्या कारखान्यात उभा जन्म काढलेला माणूस, त्यांना कान लावावे लागत नाहीत, आपसूक लागतात. "व्हीजेटीआयला टाक गं त्याला! १८८७ सालची संस्था आहे. पूर्वी व्हिक्टोरिया राणीच्या नावाची, आता जिजामातेच्या."

"काका, तिथलं कॉम्प्युटर ओपनला नव्व्याण्णवच्या वर बंद होतं."

"मग पुण्याचं सीओईपी?"

"तेही तसंच. ते तर १८५४ पासूनचं, आणि २०२२ पासून युनिव्हर्सिटी झालंय."

"मग अंधेरीचं सरदार पटेल? माझा भाचा तिथेच सिव्हिल शिकला."

"बघा, इथेच सगळे फसतात. एकाच आवारात दोन सरदार पटेल आहेत. जुनं सरदार पटेल कॉलेज सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलवाल्यांचं. कॉम्प्युटर शेजारच्या एसपीआयटीला. आणि तिथलंही नव्व्याण्णवच्या पुढेच बंद होतं."

काका "हं" म्हणाले आणि चहा ओतायला आत गेले. पण जाता जाता "लिहायला काय जातंय?" असं पुटपुटले. हे वाक्य लक्षात ठेवा. काका त्या दिवशी जे काही बोलले त्यातलं एवढं एकच शंभर नंबरी होतं, आणि नेमकं तेच कुणी मनावर घेतलं नाही.

"काकू, ह्यांनी कल्याणला एक जण गाठलाय. बारा हजार घेतो आणि ऑप्शन फॉर्म भरून देतो."

"बारा हजार? कशाचे?"

"अनुभवाचे म्हणे. तो म्हणाला, साधं कॉम्प्युटर आता जुनं झालं. एआय-एमएल घ्या, नाहीतर डेटा सायन्स, नाहीतर ते सायबर सिक्युरिटी आणि ब्लॉकचेन घालून काहीतरी लांबलचक."

"अगं, एकाच पातेल्यातली आमटी चार वाट्यांत वाढलीय. पहिली दोन वर्षं डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, मॅथ्स, हेच सगळीकडे. पुढे दोन-चार विषय बदलतात. एका शाखेच्या जागांवर एआयसीटीईची मर्यादा असायची, ती २०२४ पासून चांगल्या चालणाऱ्या कॉलेजांना उठवली. मग झाल्या जागा ढीगभर. पण जागा वाढल्या म्हणून शिकवणारे वाढतात का? कॉलेज बघायला जाल तेव्हा ब्रँचच्या नावाची पाटी वाचत बसू नका. तिसऱ्या वर्षाची पोरं टपरीवर उभी असतात, त्यांना विचारा, गेल्या वर्षभरात किती सर सोडून गेले? लॅबमधले किती कॉम्प्युटर चालू असतात? लायब्ररी किती वाजता बंद होते? आणि प्लेसमेंटचा फ्लेक्स लावलाय ना गेटावर, त्यावरच्या एका पोराचं पॅकेज नको. बॅचमधल्या मधल्या पोराला किती मिळाले आणि नोकरीला बसले किती, ते विचारा."

"तुम्हांला एवढं सगळं कसं माहीत?"

"आमच्या ताईच्या वेळी डोकं फोडून घेतलंय ना. तिला बीईला हवं तिथे मिळालं नाही. उल्हासनगरच्या चांदीबाईमध्ये बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स केलं, उल्हासनगर स्टेशनला उतरून चालत. त्याला सीईटी लागत नाही. बीसीएला आता लागते, २०२४ पासून. मग एमसीएची सीईटी दिली. एमसीए पूर्वी तीन वर्षांचं होतं, आता दोन. तीन आणि दोन पाच झाली. बीईला चार. एक वर्ष जास्त गेलं, पण घरचं खाल्लं, फी परवडली, आणि आज ऐरोलीला बीईवाल्यांच्या शेजारच्याच खुर्चीत बसते."

"नाही हो काकू, बीएस्सी म्हटलं की ह्यांना पटत नाही."

"त्यांना शिकायचंय का?"

ती गप्प. तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगमधल्या भाभी भाजीची पिशवी घेऊन थांबल्या. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये जन्म, बदलापुरात येऊन दहा-बारा वर्षं झाली. त्यांचं मराठी फक्कड आहे, पण उत्साहात आल्या की हिंदी शिरते. "क्या हुआ, दादू का रिझल्ट? अरे वा! आमच्या भाचीला तर चेंबूरच्या विवेकानंदला मिळालं मागच्या वर्षी. सिंधी मायनॉरिटी ना. शाळेच्या दाखल्यावर मदरटंग सिंधी लिहिलेलं होतं, म्हणून कामाला आलं."

दादूच्या आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू भाभींनी तिचीच जागा पिशवीतून नेली.

"तसं नाही गं," मी म्हटलं. "फाळणीनंतर माणसं घरदार सोडून इथल्या लष्करी छावण्यांत आली. बराकींचं गाव १९४९ साली उल्हासनगर झालं. त्या माणसांनी मग शाळा काढल्या, कॉलेजं काढली. ताई शिकली ते चांदीबाई त्यांचंच, चेंबूरचं विवेकानंद त्यांचंच, वांद्र्याचं थडोमल शहाणीही त्यांचंच. ज्यांनी बांधलं त्यांच्या पोरांना निम्म्याच्या आसपास जागा राखून असतात. बाकीच्या जागा दादूसारख्यांना आहेतच की. आमची ताई कुठे सिंधी होती?"

"हां, और सुनो," भाभी म्हणाल्या, "आयडिया देते. कागद आधी गोळा करा. भाचीच्या वेळी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माझे भाऊ चार चकरा मारले."

कागदांचं मात्र खरं. दादूच्या घरी ओपन कॅटेगरी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. म्हणजे ईडब्ल्यूएसचा दाखला काढला तर त्या दहा टक्के जागांत नाव लागू शकतं. तो नसला तरी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी ट्यूशन फी सुटते. पण अट एकच, प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून झालेला हवा. कुणी म्हणालं, "फॉर्मबिर्म सोडा, थेट मॅनेजमेंटमधून करून देतो," तर ही सवलत तिथेच संपली. खाजगी विद्यापीठांची फी तर ती स्वतःच ठरवतात. आणि दादूची धाकटी बहीण दोन वर्षांनी याच रांगेत उभी राहील तेव्हा तिचं आणखी सोपं आहे. ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी घरातल्या मुलींची ट्यूशन फी सरकारने २०२४-२५ पासून पूर्णच माफ केलीय, पुन्हा आठ लाखांच्या आत आणि पुन्हा कॅपमधूनच. म्हणून अंबरनाथच्या तहसील कचेरीच्या आणि सेतूच्या चकरा आत्ताच मारायच्या. जुलैत तिथे पाय ठेवायला जागा नसते.

"ते सगळं करीन हो," दादूची आई म्हणाली, "पण काकू, खरं सांगू? मला तो लांब नकोय. लोकलची गर्दी बघितलीत ना? अंबरनाथवाले उलटे बदलापूरला येतात, आपल्या गाडीत खिडकी धरतात. आणि कर्जतहून येणारी तर आधीच भरलेली."

"मग कर्जतच्या बाजूला बघ. इथून कर्जत बत्तीस किलोमीटर. सगळं जग मुंबईकडे धावतं तेव्हा तुझा दादू उलट्या दिशेने बसून जाईल, पाय पसरून. कोकण ज्ञानपीठाचं कॉलेज आहे कर्जतला. इकडे बदलापूर पश्चिमेला कान्होरला भारत कॉलेज आहे."

"आणि चेंबूर, नेरुळ, ऐरोली?"

"ऐरोलीला ठाण्याला गाडी बदलायची, चेंबूरला कुर्ल्याला. दारापासून दारापर्यंत जाऊन-येऊन चार तास धर. चार तास म्हणजे एका विषयाचा अभ्यास. पण चांगलं कॉलेज असेल तर तेही पोरं करतात, गाडीत उभ्याने नोट्स वाचतात. फक्त पावसाळा धर हिशेबात. २०१९ साली आपल्या इथे काय झालं विसरलीस? वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, हजारभर माणसं बोटींतून काढली. उल्हास नदीच्या मनात आलं की कॉलेजला सुट्टी."

भाभी हसून म्हणाल्या, "और दादू क्या बोलता है?"

आणि मग जे झालं ते मला फार आवडलं. दादूची आई उत्तर द्यायला तोंड उघडून तशीच थांबली. तिला कल्याणच्या माणसाचं मत माहीत होतं, ह्यांचं माहीत होतं, जावेच्या भावाचं माहीत होतं, काकांचं तर गॅलरीतून ऐकू आलं होतं.

"दादूऽऽ!"

पोरगं हातात जांभळं घेऊन आलं. जीभ जांभळी. मी विचारलं, "तुझी यादी केलीस का रे?"

"केलीय." खिशातून चार घड्या घातलेला वहीचा कागद काढला. तेवीस नावं. पेनने लिहिलेली, काही खोडलेली, बाजूला गेल्या वर्षीचे कटऑफ. सगळ्यात वर एसपीआयटी. दुसऱ्या नंबरावर लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. तिसऱ्यावर चेंबूरचं. चौथ्यावर पिंपरी-चिंचवडचं कॉलेज, कारण तिथे २०२१ पासून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मराठीतून आहे आणि पोरगं मराठी शाळेतलं. पण त्याची बारावी इथली, म्हणून पुण्याकडच्या कॉलेजांत तो बाहेरचा धरला जातो, हेही त्याने कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं. कर्जत अकराव्यावर. शेवटी बीएस्सी, उल्हासनगर, पेन्सिलने.

आई म्हणाली, "अरे, एसपीआयटी नव्व्याण्णववाल्यांचं! ते पहिलं कशाला? नंबर वाया जाईल ना. आणि लोणेरे? रायगडात? होस्टेलवर?"

"आई, वाया नाही जात. मी वाचलंय."

खरंच नाही जात. आणि हे बारा हजार घेणारा माणूस सांगत नाही, म्हणून मी भिंतीवर हात ठेवून सावकाश सांगितलं. ते यंत्र वरून खाली येतं. दादूचा नंबर आला की त्याच्या यादीतलं पहिलं नाव बघतं. तिथे जागा नसली की दुसरं, मग तिसरं. ज्या पहिल्या ठिकाणी त्याच्या नंबराला जागा उरलेली असते, ते त्याला देतं. वर एसपीआयटी लिहिलं म्हणून खालचं कर्जत हातचं जात नाही. काकांचं "लिहायला काय जातंय" ते हेच. नुकसान उलट बाजूने होतं. भीतीपोटी सोपं कॉलेज वर टाकलं आणि पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला, की सीट गोठली. मग पुढच्या फेऱ्या बघायच्या नाहीत. त्याच्याहून चांगलं मिळत असतं तरी नाही. म्हणून यादीत क्रम आवडीचा लावायचा, अंदाजाचा नाही. आणि जिथे जायचंच नाही ते नाव लिहायचंच नाही. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे फॉर्म भरताना कीबोर्डवर बोटं त्याचीच. लॉगिनचा पासवर्ड कल्याणच्या माणसाकडे गेला, की क्रम त्याच्या मर्जीचा. त्याला कुठून काय मिळतं ते आपल्याला कसं कळणार?

"लोणेरे का पण?" आईने विचारलं.

"सरकारी आहे, फी कमी आहे. आणि..." दादूने खाली बघितलं. "तिथे लोकल नाही."

भाभी खळखळून हसल्या. काका गॅलरीतून ओरडले, "बरोबर आहे पोराचं!"

दादूच्या आईने कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला. मग पेन मागितला. मला वाटलं, आता खोडाखोड. तिने नवव्या नावापुढे फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं.

"इथे मावशी राहते म्हणून लिहिलंस ना? नको असेल तर काढून टाक."

दादूने लगेच काढलं. बावीस उरली.

"आता एक कर," मी त्याला म्हटलं. "पहिल्या दहांतली जी जवळ आहेत ती या आठवड्यात बघून ये. शनिवारी दुपारी रिकाम्या गाडीने नाही. सोमवारी सकाळी, सगळे ऑफिसला निघतात त्याच वेळी. कुर्ल्याला उतर, गाडी बदल, गेटापर्यंत चाल. परत संध्याकाळी तसाच ये. मग क्रम बदलावासा वाटला तर बदल."

"मी येते रे बरोबर," आई म्हणाली.

"तू कशाला? तुला थोडंच शिकायचंय तिथे? तू तहसीलला जा, ईडब्ल्यूएसच्या दाखल्याला. आणि ह्यांना सांग, कल्याणचे बारा हजार वाचले, त्यात दादूला चांगले पावसाळी बूट घ्या. चेंबूर होवो नाहीतर लोणेरे, चिखल दोन्हीकडे आहे."