आधी पगार विचारा

लग्नाचं स्थळ आलं की उंची, पत्रिका, गोत्र हे सगळं तोंडी लावण्यापुरतं असतं. खरी चौकशी एकच: मुलगा करतो काय आणि हातात किती येतात? एवढी सावध माणसं आपण, पण ज्या मालिकेला पुढची तीन-चार वर्षं रोजचा अर्धा तास वाहायचा, तिच्याबाबतीत ही चौकशी कुणी करत नाही. कोण कोण आहे त्यात, किती वाजता लागते, शेजारच्या वहिनी बघतात का, एवढ्यावर सोयरीक जमते. आणि मग दोनशे भाग झाल्यावर घरोघरी तक्रार सुरू होते की हल्ली बघण्यासारखं काही राहिलंच नाही. बघण्यासारखं पुष्कळ आहे. निवडायची रीत चुकते. माझं म्हणणं साधं आहे. मालिका सुरू झाली की पहिल्या दोन भागांत एवढंच पाहावं, की यातल्या माणसांचं पोट कशावर चालतं हे कळतंय का? कळत असेल तर बिनधास्त पुढे बघावी. कळत नसेल तर कलाकार कितीही देखणे असोत, नकार कळवून मोकळं व्हावं.

पुरावा मागणाऱ्यांसाठी जुन्यापासून सुरुवात करू. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव कारकून होता, आणि त्याचं सगळं चिमणरावपण त्या कारकुनी बेताच्या मिळकतीत होतं. तोच माणूस बंगल्यात राहायला नेला असता तर विनोद फाटकाबाहेरच थांबला असता. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून 1988 साली आलेला वागळे नोकरदार होता. महिनाअखेर नावाचा खलनायक त्याच्या घरी कायम मुक्कामाला असल्यामुळे दुसरा खलनायक आणावा लागला नाही. ‘नुक्कड’मधला गुरू इलेक्ट्रिशियन, हरी सायकली दुरुस्त करणारा, कादरभाईंचं हॉटेल, आणि भीक मागणारा घनशू. भीक हाही तिथे रीतसर व्यवसाय होता, त्याचेही बरे-वाईट दिवस असत. ‘आभाळमाया’तली सुधा जोशी प्राध्यापक होती आणि ‘वादळवाट’मधली रमा वकील होती; त्यांच्या घरातली भांडणंसुद्धा बाहेर काम करणाऱ्या बाईच्या घरातली भांडणं होती.

यावर लगेच कुणी म्हणेल, हे तुमचं स्मरणरंजन झालं. जुनं ते सोनं आणि नवं ते पितळ. तर मग 2020 साली आलेली ‘पंचायत’ घ्या. नायकाचा पगार किती, हे ती मालिका बघितलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा: महिना वीस हजार. इंजिनिअर झालेला शहरी मुलगा दुसरं काही मिळालं नाही म्हणून फुलेरा नावाच्या गावात पंचायतीचा सचिव होतो, कार्यालयातच झोपतो आणि रात्री कॅटचा अभ्यास करतो. तो हौसेनं चाकांची खुर्ची विकत आणतो, तर वऱ्हाडासोबत आलेल्या नवरदेवाचा तिच्यावर डोळा पडतो आणि गावात मानापमानाचा प्रयोग लागतो. एक खुर्ची, आणि अख्खा भाग निघतो. का निघतो? तर वीस हजारांत घेतलेली खुर्ची म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे म्हणून. हीच खुर्ची एखाद्या उद्योगपतीच्या हॉलमध्ये असती तर तिच्यावर फक्त कुणीतरी बसलं असतं.

परदेशी मालिकांचं उदाहरण दिलं की आपल्याकडे लोक जरा सरसावून बसतात, म्हणून तेही देतो. ‘ब्रेकिंग बॅड’चा नायक शाळेत रसायनशास्त्र शिकवतो आणि तेवढ्यात भागत नाही म्हणून गाड्या धुण्याच्या ठिकाणी दुसरी नोकरी करतो. पहिल्याच भागात त्याला आपल्याच विद्यार्थ्याची गाडी धुवावी लागते. पुढे तो अमली पदार्थ बनवतो, माणसं मरतात, हे सगळं जगाला माहीत आहे. पण मला त्या मालिकेतला सर्वांत थरारक प्रसंग वाटतो तो दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीचा, आणि त्यात तो चक्क हिशेब करतो. दोन मुलांचं कॉलेज 3,60,000 डॉलर. दहा वर्षांचा घरखर्च 2,40,000. घरावरचं कर्ज 1,07,000, वरचं आणखी एक कर्ज 30,000. बेरीज 7,37,000. म्हणजे आणखी अकरा व्यवहार, की सुटलो! वाण्याच्या वहीत शोभेल अशी ही बेरीज ऐकताना अंगावर काटा येतो, कारण एक सज्जन मास्तर महागाईचा दर धरून गुन्ह्याचं अंदाजपत्रक मांडत असतो. रक्कम गाठल्यावरही तो थांबत नाही, तेव्हा तो काय झालाय हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. आकडा आपल्यालाही पाठ असतो.

आता आपल्या रोजच्या मालिकांकडे वळू. इथे पुरुषमंडळी एकच गोष्ट करतात, ती म्हणजे ‘बिझनेस’. कशाचा, हे विचारायचं नाही. ऑफिसात एक काचेचं टेबल, एक लॅपटॉप आणि एक फाईल असते. फाईल सगळ्या कामांना तीच. ‘हे डील आपल्याला मिळालंच पाहिजे’ असं म्हणून नायक कोट चढवतो आणि दुपारी जेवायला घरी येतो, तो संध्याकाळपर्यंत हॉलमध्येच उभा. कंपनी बुडते मंगळवारी आणि सावरते शुक्रवारी. मधे जीएसटी नाही, बँक नाही, कामगारांचा पगार नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधल्या राधिकानं मसाल्यांचा धंदा सुरू केला तेव्हा मालिका कसोटीला उतरणार असं वाटलं होतं, कारण एकट्या बाईनं पाट्यावरवंट्याच्या चवीवर उभं राहणं ही खरी गोष्ट आहे. पण बघता बघता कंपनी तीनशे कोटींची झाली आणि उभ्या महाराष्ट्रानं तिची थट्टा केली. तीनशे कोटी ही उलाढाल की कंपनीची किंमत, तेही सोडून देऊ. पन्नास रुपयांचं पाकीट धरलं तर ती सहा कोटी पाकिटं होतात. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी, म्हणजे तान्ह्या बाळांसकट दर दोन माणसांमागे एक पाकीट. एवढा गोडा मसाला खपला असता तर राज्यातल्या ॲसिडिटीच्या गोळ्यांचा धंदा त्याहून मोठा झाला असता.

यात लेखकांना दोष देऊन भागणार नाही. दररोज बावीस-पंचवीस मिनिटांचं नाटक, आठवड्यातून सहा दिवस, कधी सातही. रविवारी वर महाएपिसोड. घोडबंदर रोडला किंवा मढला बंगला भाड्यानं घेतलेला असतो, त्याचा हॉल जितका जास्त वापरावा तितकं भाडं वसूल होतं. कारखाना दाखवायचा तर कारखाना शोधा, परवानगी काढा, मशीनपाशी माणसं उभी करा, आणि ते मशीन करतं काय हे कुणाला तरी विचारून या. त्यापेक्षा सासूनं जिन्यावरून ऐकलेलं बरं. जिना तिथेच असतो, सासूही पगारावर असते. म्हणजे गंमत बघा, पडद्यामागे सगळा पैशाचा चोख हिशेब चालू असतो, म्हणूनच पडद्यावर तो दिसत नाही.

सर्वांत जोरदार आक्षेप अर्थातच वेगळा आहे. दिवसभर ऑफिसात राबून आलेल्या माणसाला संध्याकाळी पुन्हा दुसऱ्याचं ऑफिस कशाला दाखवता? त्याला विसरायचं असतं. मुद्दा बिनतोड वाटतो, पण लोक विसरायला बसतात आणि करतात काय? नायिकेच्या साडीची किंमत काढतात, सोफा कितीचा असेल यावर वाद घालतात, आणि झोपताना एवढे दागिने कोण घालतं असं रोज न चुकता विचारतात. मालिकेनं हिशेब दिला नाही की प्रेक्षक स्वतः करायला बसतो. विसरण्यासाठी बसलेला माणूस दिवसातला सगळ्यात कडक ऑडिट त्याच अर्ध्या तासात करतो.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे, आणि तो बायकांनी घेतला तर मी उभा राहून ऐकेन. पगारावर माणूस मोजायचा तर घरात राबणाऱ्या बाईचं काय? तिला पगारच नाही, मग तिची मालिका बाद? उलट आहे. कसोटी पगाराची नसून कामाची आहे, आणि पगार न मिळणं ही तर कामाची सर्वांत मोठी बातमी. ‘रजनी’मधली प्रिया तेंडुलकर गृहिणीच होती, तिचं गॅस सिलिंडरसाठीचं भांडण लोकांनी जीव मुठीत धरून पाहिलं. ‘आई कुठे काय करते’ हे तर शीर्षकातच हिशेब मागणारं नाव. डिसेंबर 2019 पासून जवळजवळ पाच वर्षं ती चालली आणि तिची ताकद मुळात तिथे होती, जिथे अरुंधतीच्या पहाटेपासूनच्या कामांना घरात कुणी काम म्हणतच नव्हतं. पुढे लग्नं, घटस्फोट, पुनर्विवाह यांची गर्दी झाली आणि ओटा मागे पडला. माझ्या लेखी मालिकाही तिथेच मागे पडली.

राहता राहिल्या पौराणिक, भुताखेतांच्या आणि राक्षस-ड्रॅगनच्या मालिका. तिथे कुठला पगार? पण महाभारत हा वाटणीचाच दावा आहे. पाच गावांवर तडजोड होत होती, ती दुर्योधनानं सुईच्या टोकाएवढ्या जमिनीवरून मोडली, बी. आर. चोप्रांचे चौऱ्याण्णव भाग त्याच सातबाऱ्यावर उभे आहेत. ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये भूत हवंच, पण अण्णा नाईकांच्या मागे इस्टेट नसती तर त्या वाड्यात भुताला एकट्यालाच बसावं लागलं असतं. आणि ‘गेम ऑफ थ्रोन्स’ तर माझा सर्वांत लाडका साक्षीदार. पहिल्या पर्वात राजाच्या प्रधानाला पदभार घेताच कळतं की तिजोरी साठ लाख सुवर्णमुद्रांच्या कर्जात आहे, त्यातलं निम्मं राजाच्या सासुरवाडीचं. धान्य किती, फौजेला चारायचं काय, वाटेत किती दिवस जातील, यावर राज्यं हलत होती. शेवटच्या दोन पर्वांत मात्र तीच फौज कोपऱ्यावरून दूध आणावं तशी अख्खं खंड ओलांडू लागली, वाटेतले दिवस कुणी मोजेना. 2019 साली मालिका संपली तेव्हा जगभर बोंब झाली की लेखन बिघडलं. लेखन नंतर बिघडलं. जमाखर्च आधी बंद झाला होता.

एक पळवाट मात्र बुजवून ठेवायला हवी, नाहीतर उद्या प्रत्येक वाहिनी पहिल्याच भागात सॅलरी स्लिप दाखवेल. नायक डॉक्टर आहे एवढं कळणं पुरेसं नाही. गळ्यात स्टेथोस्कोप आणि तोंडात प्रेम अशी डॉक्टरमंडळी छोट्या पडद्यावर भरपूर झाली. त्यांचे पेशंट शुद्धीवर येतात ते फक्त नायिकेचं गुपित सांगायला. म्हणून दुसऱ्या भागाच्या शेवटी इतकंच तपासायचं, की त्या माणसाची नोकरी काढून घेतली तर गोष्ट अडते का? फुलेऱ्याच्या सचिवाची नोकरी काढा, तो रात्रीच्या गाडीनं घरी जाईल आणि मालिका संपेल. काचेच्या टेबलामागच्या आपल्या उद्योगपतीला उद्या सकाळी कामावरून कमी करून पाहा. तो तसाच कोट चढवेल, दुपारी जेवायला येईल, आणि घरात कुणाच्या लक्षातही येणार नाही.