सटवाईस अनावृत पत्र

माय सटवाई,



आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनीत तुझे फार हाल झाले असणार. गाव जेमतेम दीड हजारांचं. वर्षाला वीस-पंचवीस बाळं, एवढाच तिथला तुझा व्याप. पण सप्टेंबर ते नोव्हेंबर 2025 या तीन महिन्यांत त्या ग्रामपंचायतीच्या नावावर सत्तावीस हजारांहून जास्त जन्मनोंदी झाल्या. म्हणजे नशीब लिहायला रोजची तीनशे कपाळं! पाचवीच्या रात्री तू एकटी कशी पुरलीस? की तुलाही कंत्राटी मदतनीस मिळाले?

एवढी बाळं खरंच लसीकरणाला आली असती, तर रांग आर्णीच्या बसस्टँडपर्यंत गेली असती. आशाताईला गावातली प्रत्येक गरोदर बाई नावानिशी ठाऊक असते. पण तिला विचारतो कोण? नोंद होते सीआरएस नावाच्या संगणक प्रणालीत, आणि संगणक मोठा मनमोकळा. दीड हजारांच्या गावात सत्तावीस हजार जन्मले, तरी त्याच्या कपाळावर आठी नाही.

जन्माच्या नोंदीची किंमतही वाढली आहे, माय. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळेपासून मतदार यादीपर्यंत जन्माचा दाखलाच लागणार. वर्ष उलटलेली नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करू नये, असं कायदा म्हणतो. कायद्याला आदेश लागतो; संगणकाला पासवर्ड पुरतो.

आरोग्य खात्यानं उशिराच्या नोंदी तपासायला घेतल्या, तेव्हा बिंग फुटलं. गुन्हा दाखल झाला, विशेष तपास पथक नेमलं गेलं. लॉगिन ग्रामपंचायतीचं, बोटं कुणाची, ते पोलीस शोधोत. पण चोर सापडला, तरी दार उघडंच राहील.

म्हणून सरकारच्या कपाळी एवढं लिही: महिन्याच्या जन्मनोंदी आरोग्य उपकेंद्राच्या नोंदवहीशी ताडून पाहाव्यात. आकडा गावाच्या आवाक्याबाहेर गेला, की प्रणाली आपोआप थांबावी आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना कळावं. पासवर्ड ज्याचा त्यानंच वापरावा. आणि ग्रामसभेत दर वेळी नवजात बाळांची संख्या मोठ्यानं वाचावी. गावाला आपली लेकरं मोजता येतात.

तुझा,
एक यवतमाळकर

ता. क. : तुझं लिखित टळत नाही म्हणतात. आमचे खोटे दाखले रद्द करता येतात, फक्त फाईल हलवावी लागते. तेवढं जमलं तर बघ.