टेकूकाका

शनिवारी रात्री जेवणं उरकल्यावर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक पासष्टीचे गृहस्थ उकिडवे बसून जमिनीवर गोटी सोडताना दिसले, तर नव्या भाडेकरूंनी दचकू नये. ते टेकूकाका. गोटी घरंगळली की ती जागा बाद. थांबली की तिथे खडूने चौकोन. उद्या रविवार, उद्या गाडी उचलायची.

उचलून करायचं काय, तर बहुधा ऑइल बदलायचं. फार तर ब्रेकचे लायनर बघायचे. गॅरेजवाला पोरगा हे काम गाणं गुणगुणत अर्ध्या तासात उरकतो. काकांना सकाळ पुरत नाही. कारण गाडी दुरुस्त करणं हा त्यांचा छंदच नव्हे. त्यांचा छंद गाडी वर उचलून तिथेच ठेवणं हा आहे. दुरुस्ती हे निमित्त.

काका भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. निवृत्तीच्या दिवशी मिळालेला चांदीचा गणपती शोकेसमध्ये आहे, पण पाहुण्यांना ते दाखवतात ते स्वतःचे दोन्ही पंजे. ‘मोजा. दहा आहेत ना?’ त्या खात्यात तीस वर्षं काढून दहाच्या दहा बोटं घरी आणणं ही त्यांच्या मते पदवी आहे, आणि ती भिंतीवर लावता येत नाही म्हणून हाताला लावलेली आहे.

चार जॅक स्टँड ही त्यांची दौलत. दिवाणाखाली, काकूंच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवलेली. कोपऱ्यावरचा मिस्त्री त्यांना ‘घोड्या’ म्हणतो. काकांना ते खपत नाही. ‘घोडी लग्नात. हा टेकू आहे.’ तेव्हापासून सोसायटीने त्यांनाच टेकूकाका करून टाकलं. स्टँड पिनेचे, खांबाच्या भोकातून बोटभर जाडीची पिन आरपार जाते. करवतीसारखे दात आणि त्यात अडकणारा खटका, असेही स्टँड मिळतात, पण काकांचा खटक्यावर राग आहे. २०२० साली अमेरिकेत एका दुकानाने असे लाखो स्टँड परत मागवले. भाराखाली खटका दातांवरून निसटू शकत होता. बदली म्हणून दिलेल्यांपैकीही काही वेल्डिंगच्या दोषापायी पुन्हा मागवावे लागले. ही बातमी काका आजही कालचीच असल्यासारखी सांगतात, आणि सांगताना पिन आत-बाहेर करून दाखवतात.

रविवारी सातला कार्यक्रम सुरू होतो. सेक्रेटरींनी ‘पार्किंगमध्ये गाड्यांची दुरुस्ती करू नये’ अशी पाटी लावली आहे. तिच्याखालीच. ‘ही दुरुस्ती नाही, देखभाल आहे,’ हा त्यावरचा खुलासा.

आधी हँडब्रेक, मग पहिला गिअर, मग दगड. वॉचमनमामांनी एकदा विचारलं, ‘हँडब्रेक लावल्यावर दगड कशाला, काका?’ ही चूक सोसायटीत प्रत्येक जण आयुष्यात एकदाच करतो.

‘असं बघा मामा. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना असतो. म्हणजे गिअर धरणार पुढची चाकं, हँडब्रेक धरणार मागची. पुढून गाडी उचलली की गिअर रजेवर. मागून उचलली की हँडब्रेक रजेवर. दोघं एकदम ड्युटीवर नसतात. मग गेटवर कोण?’

‘मी,’ मामा म्हणाले.

‘दगड,’ काका म्हणाले. ‘जी चाकं जमिनीवर राहणार, त्यांना. दोन्ही बाजूंनी.’

चाक काढायचं असेल तर गाडी जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा सैल केले जातात. वर गेलेल्या गाडीशी झटापट करायची नाही, हा नियम. मग मॅन्युअल उघडतं. जॅक कुठे लावायचा ते पान इतक्यांदा उघडलं गेलंय की पुस्तक आपण होऊन तिथेच उघडतं. दाराखालच्या पट्टीला ठरलेल्या ठिकाणी खाचा असतात, तिथला पत्रा भार घ्यायला मजबूत केलेला असतो. कुणी ऑइलच्या चेंबरखाली जॅक लावताना दिसला तर काकांच्या पोटात कळ येते. ‘बाळाला काखेत धरून उचलतात, पोटात बोट खुपसून नाही!’

जॅकविषयी त्यांचं मत एका वाक्याचं आहे. जॅक उचलतो, धरत नाही. ‘आतल्या तेलाच्या जिवावर तो उभा. तेल अडवणार एक रबरी सील. त्या सीलचं वय कुणी विचारलंय?’ राजकारणही ते याच हिशेबाने समजावतात. बाहेरून पाठिंबा म्हणजे जॅक. चंद्रशेखर नोव्हेंबर १९९० मध्ये वर गेले, काँग्रेसने टॉमी फिरवली, मार्च १९९१ मध्ये राजीनामा. ‘स्टँड लावायला हवा होता,’ काका हळहळतात. राज्यघटनेत असा स्टँड कुठे लावायचा, हे मात्र त्यांच्या मॅन्युअलात नाही.

विटा रचणाऱ्यांवर त्यांचा विशेष लोभ. आमच्या इमारतीतला एक तरुण एकदा चार विटा घेऊन आला. काकांनी त्याला शांतपणे समोर बसवलं. ‘विटेवर अठ्ठावीस युगं उभा राहिला तो विठोबा. तुझी गाडी नऊशे किलोची. अठ्ठावीस मिनिटंसुद्धा राहणार नाही. लोखंड जाताना आधी वाकतं. वीट न सांगता जाते.’ पोरगा विटा घेऊन परत गेला. त्यांवर आता तुळस आहे.

स्टँडखाली प्लायवुडचे चौकोन, कारण पार्किंगला पेव्हर ब्लॉक आणि ब्लॉकखाली बिल्डरने काय घातलंय ते बिल्डरलाच ठाऊक. स्टँडवर आकडा तीन टनांचा. ‘पण नीट वाचा. कित्येकदा हा आकडा जोडीचा असतो, एकट्याचा नाही.’

‘संसाराचं तसंच असतं,’ काकू गॅलरीतून म्हणतात.

जॅक बोटाबोटाने उतरतो, भार स्टँडवर येतो आणि मग ज्यासाठी पोरं सायकली थांबवून उभी असतात तो प्रसंग. काका गाडीला खांदा लावून गदागदा हलवतात. ‘हलायचं असेल तर आत्ता हल, मी बाहेर असताना!’ गाडी ढिम्म. तरीही ते लगेच आत जात नाहीत. जॅक जरा टेकता ठेवतात, काढलेलं चाक दाराच्या पट्टीखाली आडवं सरकवतात, आणि मगच पाठीखाली पुठ्ठा घेऊन आडवे होतात.

गाडीखाली शिरताना वर कुणाला तरी ठाऊक हवं, हा शेवटचा नियम. तो काकूंकडे. दर पंधरा मिनिटांनी गॅलरीतून हाक येते, ‘आहात का हो?’ काका पान्याने रिमवर एक ठोका देतात. ठण. म्हणजे आहे. दोन ठोके म्हणजे चहा. एका मे महिन्यात हाकेला ठणच आलं नाही. काकू हातात लाटणं घेऊन तीन जिने उतरल्या, मागोमाग आम्ही सगळे. गाडीखाली काका गाढ झोपले होते. सावली, गार फरशी आणि वर इतका चोख बंदोबस्त. माणूस आणखी काय करणार? दुसऱ्या दिवशी पार्किंगच्या खांबावर काकूंच्या अक्षरात खडूने नवा नियम उमटला: ‘आत झोपू नये.’

हे सगळं मी बरीच वर्षं हसून सांगत आलो. मग एका जुलैत, सकाळी ऑफिसच्या घाईत, माझी गाडी पंक्चर निघाली. डिकीतला जॅक काढला, पावसाने भिजलेल्या ब्लॉकवर तसाच ठेवला, गाडी वर घेतली. दगडबिगड काही नाही. काढलेलं चाक भिंतीला टेकवलं. तेवढ्यात काका दूध घेऊन आले. एरवी त्यांनी भाषण दिलं असतं. त्या दिवशी काही बोलले नाहीत. पिशवी माझ्या गाडीच्या आरशाला अडकवली, भिंतीचं चाक उचललं आणि दाराखाली आडवं सरकवलं.

‘अहो काका, पाच मिनिटांचं काम आहे,’ मी म्हणालो. एक नट घरंगळत आत गेला. मी गुडघ्यावर बसून हात घातला, तोच कॉलर मागून खेचली गेली.

‘मामा, काठी आणा.’

मामांची काठी आत गेली. नट तिच्या टोकाला लागला न लागला, ब्लॉक एका अंगाला खचला, जॅक कलला आणि गाडी खाली आली. चाकावर. आवाजही फार मोठा झाला नाही, कपाट बंद केल्यासारखा. काठी मात्र टायर आणि पत्रा यांच्यामध्ये चिमटली, ती ओढूनही निघेना.

काकांनी काठीकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. बोटं मोजली असावीत. आरशावरची पिशवी काढून घेत म्हणाले, ‘दूध तापायला ठेवून येतो. तोवर कशाला हात लावू नका.’ आणि पाच मिनिटांत मोठा जॅक, दोन स्टँड आणि प्लायवुड घेऊन परत आले. त्या दिवशी त्यांनी मला काहीही सुनावलं नाही. ते फार लागलं.

काका खंडेनवमीला पाने, जॅक आणि स्टँड मांडून पूजा करतात. गाडीला हार दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला. यंदा त्या रांगेत स्टँडची एक जास्तीची जोडी होती. माझी. काकूंनी तिलाही हळदकुंकू लावलं. काकांनी पिन ओढून पाहिली, आकडा वाचला आणि म्हणाले, ‘ठीक.’

पुढच्या रविवारी मी पहिल्यांदा माझ्या गाडीखाली शिरलो. शनिवारी गोटी सोडली होती, दगड लावले होते, सगळ्या इमारतीदेखत गाडी गदागदा हलवली होती. पोरं हसली होती. आमच्या घरी वर सगळे झोपलेले. वरून हाक येईल अशी अपेक्षा नव्हती. पंधरा मिनिटं झाली असतील.

‘आहात का हो भावजी?’

मी पान्याने रिमवर ठोका दिला. ठण. मग जरा विचार करून आणखी एक.

‘टाकते,’ काकू म्हणाल्या.