दिल्ली दौरा, मसुदा सातवा

टाइमटेबल काकांचा दिल्ली दौरा दर वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि फेब्रुवारीत संपतो. या काळात ते नागपूरच्या लक्ष्मीनगराच्या बाहेर फारसे पडत नाहीत.

काका एजी ऑफिसातून निवृत्त झालेले. सारी नोकरी दुसऱ्यांची प्रवासभत्त्याची बिलं तपासण्यात गेली. अमका साहेब गोंदियाला गेला तर मुक्काम कशासाठी केला, बस होती तर टॅक्सी कशाला, परतीची गाडी दुपारी होती तर हा संध्याकाळपर्यंत काय करत होता, असले प्रश्न लाल शाईने विचारून विचारून त्यांचा हात वळणदार झाला. अशा माणसाला स्वतः प्रवासाला निघणं किती जड जात असेल, याची कल्पना करा. दाराबाहेर पाऊल टाकायच्या आत त्यांच्याच डोक्यातला तपासनीस त्यांच्यावर आक्षेप काढतो. ऑटोने स्टेशनवर जावं म्हटलं की तो विचारतो, एलएडी चौकातून ॲक्वा लाइनची मेट्रो थेट रेल्वे स्टेशनला सोडते, तर ऑटो काऊन? मेट्रोने जावं तर म्हणतो, तीन डाग घेऊन जिने चढायचे, वयाचा विचार केला काय? दोन्ही आक्षेप रास्त असतात. म्हणून पहिला मसुदा कधीच घराच्या फाटकापुढे जात नाही.

मुळात दिल्लीच का, हे ठरायलाही एक हिवाळा गेला होता. राजधानी पाहायची एवढं पक्कं होतं, पण नागपूरच्या माणसाला चहूबाजूंनी राजधान्याच आहेत. काकू म्हणाल्या, "भोपाळला जाऊ नं. जवळ आहे, तळं आहे, दोन दिवसांत परत."

काकांनी चष्मा काढला. "भोपाळ? अगं, १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. त्यांनी आपली राजधानी नेली, अन् ती पाहायला आपण तिकीट काढून जायचं?"

रायपूर त्याच हिशेबात उडालं, कारण ते तर नागपूरच्या हाताखालचं गाव. मुंबईचं नाव कोणी काढलंच नाही. १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचं एक अधिवेशन इथं भरवायचं ठरलं, म्हणून मुंबई डिसेंबरात स्वतःच्या खर्चाने (काका म्हणतात, आपल्या खर्चाने) इकडे येते. जी आपल्याकडे येते तिच्याकडे कशाला जायचं? उरली दिल्ली.

दिल्ली इथून अकराशे किलोमीटरच्या जरा आत. चेन्नईही जवळजवळ तेवढंच. जीटी एक्सप्रेस, जी १९२९ साली पेशावर ते मंगळूर धावायला लागली, ती आता चेन्नई आणि दिल्लीच्या मध्ये धावते आणि बरोबर अर्ध्यावर नागपूर लागतं, ही गोष्ट काका नव्या ओळखीच्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. मग आवाज खाली आणून पुढचं सांगतात. आरक्षणाची प्रतीक्षायादी सगळ्यांची एक नसते. जिथून गाडी सुटते तिथल्यांची वेगळी, मधल्या स्टेशनांची वेगळी. आणि त्या मधल्या यादीचं नाव काय? रिमोट लोकेशन! "देशाचा झीरो माइल आपल्या गावात, अन् रेल्वे आपल्याला रिमोट म्हणून राहिली." यावर ते एवढे उखडतात की तिकीट काढायचं राहून जातं.

तिकिटाच्या बाबतीत त्यांच्यावर खरा आघात झाला तो १ नोव्हेंबर २०२४ ला. त्या दिवसापासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आली. लोकांना बरं वाटलं. चार महिने आधी कोणाला ठाऊक असतं आपण जाणार की नाही? काकांना ठाऊक असायचं. म्हणजे, आपण जाणार नाही हे नव्हे, पण जायचं झालं तर कसं, हे त्यांना चार महिने आधी पूर्ण ठाऊक असायचं. सरकारने त्यांच्या नियोजनातले साठ दिवस एका परिपत्रकाने कापून घेतले आणि कोणी मोर्चा काढला नाही. एरवी नागपुरात डिसेंबरात कशावरही मोर्चा निघतो.

काकांची फाइल मी पाहिली आहे. फिकट निळी, दोरीची, वर 'दिल्ली (हिवाळी)'. आत 'ट्रेन्स ॲट अ ग्लान्स'च्या जुन्या प्रती, सहा रद्द मसुदे आणि चालू असलेला सातवा. सातव्यात डावीकडे चार बोटं रुंद समास सोडलेला. विचारलं तर म्हणाले, "धुक्याचा."

म्हणजे असं की इटारसी, भोपाळ, झाशीपर्यंत काही भीती नाही. ग्वाल्हेर ओलांडलं की पहाटेचं धुकं सुरू, आग्रा-मथुरेला ते इंजिनावरच येऊन बसतं. आता इंजिनात फॉग पास नावाचं यंत्र असतं, पुढचा सिग्नल कुठं येतो ते ड्रायव्हरला सांगतं. काकांचा त्या यंत्रावर विश्वास आहे, गाडीवर नाही. म्हणून वेळापत्रकातल्या प्रत्येक वेळेपुढे समासात दुसरी वेळ. दिल्ली सकाळी साडेसहा, समासात साडेअकरा. आणि साडेअकराला पोचलो तर न्याहारी करायची की जेवायचं, याला स्वतंत्र परिशिष्ट.

परिशिष्ट 'ब' सोमवाराचं. लाल किल्ला सोमवारी बंद. राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद. कमळ मंदिर, अक्षरधाम, तीन मूर्तीचं पंतप्रधान संग्रहालय, सगळं सोमवारी बंद. ताजमहाल वाटेवर आहे म्हणून घालावा, तर तो शुक्रवारी बंद. एवढे आडवार पाळणारं शहर मी पाहिलं नाही. आमच्याकडची एखादी कडक आजीही इतके उपास करत नसेल. काकांनी हे सगळं चौकटीच्या कागदावर मांडलंय आणि त्यातून दिल्लीत शिरण्याचा एकमेव निर्दोष मुहूर्त काढलाय: मंगळवारी सकाळी उतरायचं, गुरुवारी दुपारी निघायचं. सोमवारी घर सोडायचं, कारण तो दिवस तसाही वाया जाणार. यात चाणक्यपुरीच्या रेल्वे संग्रहालयाला साडेचार तास आहेत. राष्ट्रपती भवनाला वीस मिनिटं, बाहेरून.

डबाही मसुद्यात आहे. तिखट-मिठाच्या पुऱ्या नरखेडच्या पुढे काढायच्या, त्याआधी नाही, कारण आधी काढल्या की बैतूलपर्यंत संपतात हा कोणत्या तरी १९८८ च्या प्रवासाचा अनुभव. दिल्लीच्या भाच्यासाठी संत्र्यांची पेटी. पण संत्री आंबिया बहाराची हवीत, ती डिसेंबरातच चांगली मिळतात. मृग बहार निघेपर्यंत दिल्लीची थंडी सरते. म्हणजे संत्र्यांसाठी डिसेंबर, आणि डिसेंबरात अधिवेशन.

इथे दौरा दर वर्षी अडकतो. मंत्रालयात असलेले काकांचे चुलतभाऊ अधिवेशनाला नागपुरात येतात. त्यांची सोय सरकार करतं, पण तिथला वरण-भात त्यांना चालत नाही, म्हणून जेवायला ते लक्ष्मीनगरात. पाहुणा घरी असताना यजमानाने दिल्लीला जायचं, हे बसतं का कुठं? अधिवेशन संपलं की नाताळची गर्दी. नाताळ संपला की खरं धुकं. धुकं विरेपर्यंत प्रजासत्ताक दिनाच्या तालमी, कर्तव्य पथाकडचे रस्ते बंद. आणि फेब्रुवारीत काका फाइल बांधताना म्हणतात, "आता थंडी गेली. हिवाळी दौऱ्याला अर्थ नाही राहिला."

थंडीची तयारी मात्र दर वर्षी पूर्ण होते. हिवाळा लागला की तिबेटी लोक स्वेटरांची दुकानं मांडतात, तिथून एक कानटोपी येते. काका ती घालून घरात फिरून पाहतात. कोणी दिल्लीच्या गारठ्याची भीती घातली तर त्यांचं उत्तर तयार: "२९ डिसेंबर २०१८. नागपूर, साडेतीन अंश. दिल्ली काय दाखवून राहिली आम्हाला?"

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस कुचकामी. तसं नाही. आमच्या गल्लीतले निम्मे लोक काकांच्या कागदावर दिल्ली पाहून आले आहेत. नवं जोडपं असो की पेन्शनर, काका त्यांना रद्द मसुद्यांपैकी एकाची झेरॉक्स देतात आणि ती अचूक निघते. मी स्वतः गेलो होतो. मेट्रोतून कुठं उतरायचं, कोणत्या बाजूने बाहेर पडायचं, सगळं जसंच्या तसं. परत आल्यावर मी म्हटलं की लाल किल्ल्याकडे जाताना उजवीकडे वळावं लागतं, तुम्ही डावीकडे लिहिलंय. काका शांतपणे म्हणाले, "तू पाठमोरा उभा असशील राजा." आणि खरं सांगतो, मी होतो.

त्यामुळे गेल्या हिवाळ्यात जे झालं ते गल्लीला पचवायला जड गेलं. काकू दिल्लीला जाऊन आल्या.

भिशीच्या बायकांनी परस्पर ठरवलं. आठ दिवस आधी. कोणी तरी मोबाइलवर तिकिटं काढली, निम्मी पक्की, निम्मी आरएसी. त्या निघाल्या शनिवारी, पोचल्या रविवारी आणि लाल किल्ल्यावर गेल्या सोमवारी. बंद होता. समोरच्या चांदणी चौकात शिरल्या, परांठे खाल्ले, शाली घेतल्या, परत परांठे खाल्ले. मंगळवारी ताज पाहून त्याच रात्री गाडीत. काका त्यांना आणायला स्टेशनवर गेले होते. मेट्रोने गेले, ऑटोने आले.

त्या संध्याकाळी आम्ही दिल्लीची हकीकत ऐकायला बसलो. काकांच्या मांडीवर वही, हातात लाल पेन.

"आग्रा किती वाजता आलं?"

"कोण पाहते? आम्ही भेंड्या खेळून राहिलो होतो."

"पहाटे?"

"आरएसी होतं नं. एका बाकावर दोघी बसलो, झोपणार कुठं?"

"बरं. परांठ्यांचे किती झाले?"

"दिले असतील कोणी तरी."

"शालीची पावती?"

काकूंनी शाल दाखवली. काकांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, शिलाई तपासली, किंमत अंदाजाने लिहिली आणि पुढे 'खुलासा अपेक्षित' असा शेरा मारला. मग ते बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. दौरा झाला होता, एकही रकाना भरला नव्हता, आणि दौरा करणारी व्यक्ती समोर बसून हसत होती. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत असलं बिल त्यांच्या टेबलावर आलं नसावं.

"खुलासा पाहिजे असेल तर पुढच्या महिन्यात या आमच्यासोबत," काकू आत जाता जाता म्हणाल्या. "हैदराबादला जाऊन राहिलो."

"कोणत्या गाडीनं?" काकांनी विचारलं, आणि उठून चष्मा शोधायला लागले.